ओट्याचा दगड घ्यायला जाताना खिशात लिंबू ठेवा

हा बघा आमचा लालबागच्या चाळीतला ओटा. काळा कडप्पा. आईने यावर बांगडे साफ केले, नारळ फोडले, बत्ता आपटून एक कोपरा उडाला तेवढाच. मोरीच्या बाजूला पांढुरका पडला की ती खोबरेल तेलाचं बोट फिरवायची, परत काळाभोर. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातला हा दगड, जातीने चुनखडी.

मग कांदिवलीला फ्लॅट घेतला आणि मला सुचला पांढरा मार्बल. दुकानदार म्हणाला, मकराण्याचा आहे साहेब, ताजमहालवाला. झालं, आम्ही खूश. पहिल्याच महिन्यात सोलकढी करताना कोकमाचं आगळ सांडलं, रात्रभर तसंच राहिलं, सकाळी घासघासून लाली गेली पण तिथली चमकच गेली, बोट फिरवलं की खरखरीत लागायचं. म्हणजे तो नुसता डाग नव्हताच, आंबटाने दगडच खाल्ला होता. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीच चालत नाही आणि आपल्या स्वयंपाकात दुसरं असतं काय!

ग्रॅनाइटचं तसं नाही. कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्स मापावर मार्बल ३ वर, ग्रॅनाइटमधली खनिजं ६-७ वर, सुरीचा ओरखडासुद्धा सहसा उठत नाही. काळ्यात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, सोनेरी ठिपक्यांचा, फार चालतो. खरंतर तो गॅब्रो नावाच्या वेगळ्याच दगडाच्या जातीचा, पण बाजारात सगळा काळा कडक दगड ग्रॅनाइटच. भानगड वेगळीच आहे, फिकट दगडाला काळा रंग चढवून पण विकतात. म्हणून सॅम्पलचा तुकडा मागा, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, कापूस काळा झाला तर सरळ पुढच्या दुकानात. लिंबाची फोड पण अर्धा तास ठेवा, तिथली चमक गेली तर तो दगड आंबटाला टिकणारा नाही. आणि पाण्याचे थेंब टाकून बघा, लगेच गडद डाग पडला तर दगड पाणी पितोय, छिद्रं बुजवणारा सीलर लावावा लागणार.

आणि हो, लिफ्ट मोजा! दहा फुटी पीस आमच्या लिफ्टमध्ये मावेना, अकरा मजले जिन्याने कोण चढवणार, शेवटी जॉइंट घेतला. तो सिंकच्या कटिंगवर येऊ देऊ नका, मिस्त्रीला आधीच सांगा.

आता ओट्यावर ग्रॅनाइट आहे. मार्बलचा एक तुकडा ठेवलाय, गार राहतो, पुरणपोळ्या त्यावरच लाटतो.