टाके निघाल्यावर कोणाकडे जायचं?

नमस्कार. मला दिलेला विषय आहे ‘मेंदूच्या दुखापतीनंतर योग्य थेरपिस्ट कसा शोधावा’. तो मी घेणारच आहे. पण आधी एक गोष्ट मला तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती पटली नाही, तर मी सांगितलेले पत्ते लिहून घेऊनही उपयोग होणार नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला जो थेरपिस्ट हवा, त्याला मनाइतकाच मेंदूही कळायला हवा. नुसता प्रेमळ, नुसता अनुभवी, नुसता नावाजलेला चालत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या नात्यात नाहीतर गल्लीत दुचाकीवरून पडलेलं कोणीतरी आहे. म्हणून आयसीयूबाहेरचं बाकडं, रक्ताच्या पिशव्यांची धावपळ हे मी सांगत बसत नाही. माझी सुरुवात घरी आल्यानंतरची आहे. माझा धाकटा भाऊ अपघातानंतर हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) १५ पैकी १५. हे माप ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली काढलं. डोळे उघडतो का, बोलतो कसा, सांगितल्यावर हात हलवतो का, एवढं ते बघतं. बेशुद्धी किती खोल आहे हे कळायला ते फार उपयोगी आहे. पण हा माणूस गॅसवर दूध ठेवून विसरेल का, भाचीच्या वाढदिवसाला गोंगाट सहन न होऊन ताट भिरकावेल का, हे त्यात कळत नाही, आणि ते माप त्यासाठी बनवलेलंही नाही. आम्ही मात्र १५ पैकी १५ बघून पेढे वाटले.

डोकं जोरात आपटलं की मेंदू कवटीत पुढेमागे हलतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात, आणि सिटी स्कॅनमध्ये ते अनेकदा दिसतही नाही. कपाळामागच्या भागाकडे कामं कोणती, तर सुरुवात करणं, थांबणं, राग आवरणं, बेत आखणं. म्हणजे ज्याला आपण घरात ‘स्वभाव’ म्हणतो, त्यातलं बरंच काही. आमचे काका म्हणायचे, ‘त्याला सगळं समजतं गं, सोंग करतो.’ मी काकांना दोष देत नाही. नीट बोलणारा, नीट चालणारा माणूस दिवसभर खाटेवर बसून राहिला, तर कोणालाही आळसच वाटणार. काकांना हे कोणी समजावून सांगितलंच नव्हतं.

पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्याबद्दल मला बोलायचंय, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे.

आम्ही एका समुपदेशकांकडे गेलो. नाव सांगत नाही. बाई चांगल्या होत्या, नाव मोठं होतं, भिंतीवर प्रमाणपत्रं होती. पूर्ण तासाचं सत्र. खोलीत पंखा घरघरत होता, खिडकीखाली रिक्षास्टँड. त्यांनी त्याला वही दिली आणि सांगितलं, मनात नकारात्मक विचार आला की लगेच लिहायचा, त्यापुढे भावना लिहायची, त्यापुढे दुसरा पर्यायी विचार. पुढच्या वेळी वही कोरी. त्याच्या पुढच्या वेळी तो वहीच विसरला. तिसऱ्या वेळी सत्राच्या मध्यावर त्याने डोळे मिटून घेतले. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि त्याच्यासमोरच सांगितलं, ‘यांची बदलायची तयारी नाही. तयारी होईल तेव्हा घेऊन या.’

ऐका, हे वाक्य किती महागात पडतं ते. ज्याला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही, त्याला ‘विचार आला की लगेच लिही’ हे काम दिलं होतं. म्हणजे स्मृतीच्या दुखापतीवरचा उपाय स्मृतीच्याच भरवशावर सोडला. त्याने डोळे मिटले ते कंटाळून नाही. मेंदूचा थकवा हा या दुखापतीतल्या सगळ्यात चिवट त्रासांपैकी एक आहे. पंखा, रिक्षा आणि समोरचं बोलणं यांतून एकच आवाज निवडायला त्या मेंदूला कष्ट पडतात, आणि अर्ध्या तासात तो दमून जातो. बाईंनी थकव्याला टाळाटाळ म्हटलं आणि विसरण्याला अनिच्छा. परतताना रिक्षात भाऊ मला म्हणाला, ‘ताई, मी वाईट माणूस झालोय का?’ अपघाताने त्याला जेवढं खचवलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्याने खचवलं. पुढे कितीतरी दिवस तो कोणाकडेच जायला तयार नव्हता, आणि मला त्याचा राग येत नव्हता. राग दुसरीकडे होता. अजून आहे.

जरा फिनीयस गेजकडे वळते. अमेरिकेतला रेल्वेच्या कामावरचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हर्माँट राज्यात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला. मानसशास्त्राच्या वर्गात त्याची गोष्ट इथपर्यंत सांगतात, आणि पुढे जोडतात की स्वभाव पालटला, शिवराळ झाला, ‘गेज आता गेज राहिला नाही’. संपली गोष्ट. मला या शेवटाचा संताप येतो, कारण गोष्ट तिथे संपतच नाही. १८५२ साली तो चिलीला गेला आणि तिथे अनेक वर्षं त्याने घोडागाडी हाकली. सहा घोड्यांची, उतारूंची गाडी, परक्या देशात! लगाम सांभाळायचे, वेळा पाळायच्या, उतारूंशी सभ्यपणे वागायचं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद तपासून मांडलं, की या कामाच्या ठरलेल्या चाकोरीनेच गेज बराच सावरला असावा. रोज तोच रस्ता, त्याच वेळा, तीच कामं त्याच क्रमाने. आतून जी शिस्त येत नव्हती ती कामाने बाहेरून पुरवली. पुढे त्याला फिट्स येऊ लागल्या आणि १८६० मध्ये तो गेला. पण मधली ती वर्षं पुसून टाकायचा हक्क कोणाला आहे?

आमच्या भावाला पुढे जी थेरपिस्ट मिळाली तिने हेच केलं. पहिला प्रश्न विचारला, ‘दिवसातली कुठली वेळ तुम्हाला बरी जाते?’ सकाळची, म्हणाला. मग सत्र सकाळीच, छोटं, मध्ये विश्रांती. पंखा बंद. जाताना तिच्या हाताने लिहिलेल्या मोजक्या ओळी आणि त्याच्या मोबाइलमध्ये गजर. मला दर वेळी शेवटी आत बोलवायची, पण त्याची परवानगी घेऊन. आता त्याच्या वहीत त्याने स्वतः लिहिलेला एक नियम असा आहे: ‘संध्याकाळी ताईशी वाद घालायचा नाही. सकाळी चालेल.’ (हशा) हसा, तोही हसतो. पण बघा, त्यात त्याला स्वतःचा थकवा कळलाय, रागाची वेळ कळलीय आणि तोडही सापडलीय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भराभर घेते, कृपया लिहून घ्या.

आधी कोण कोण असतं ते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, औषध तेच देतात. त्यांना डोक्याच्या दुखापतीचं आणि फिट आली असल्यास त्याचंही आधीच सांगा, कारण काही औषधांनी फिट येण्याचा धोका वाढतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेले असावे लागतात. १९९२ चा कायदा आहे, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. त्यांच्यापैकी न्यूरोसायकॉलॉजीचं काम करणारे लक्ष, स्मृती, नियोजन यांच्या चाचण्या घेऊन लेखी अहवाल देतात. तो आधी करून घ्या, म्हणजे थेरपिस्टला कुठून सुरुवात करायची ते कळतं. अपघाताच्या भरपाईचा दावा न्यायाधिकरणात चालू असेल तर तिथेही तो कामी येतो. बोलणं अडखळत असेल तर स्पीच थेरपिस्ट, रोजची कामं जमत नसतील तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

शोधायचं कुठे? न्यूरोसर्जनच्या ओपीडीत विचारा, मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात विचारा, आणि पुनर्वसन केंद्रातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला तर नक्की विचारा. कोणाकडे गेलेले पेशंट टिकतात हे तिला ठाऊक असतं. गुंतागुंतीचं असेल तर बेंगळुरूचं निम्हान्स आहे, मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. गावात कोणी नसेल तर व्हिडिओ कॉलवर चालतं, मात्र पडद्यानेही थकवा येतो, म्हणून वेळ कमी ठेवा.

फोनवर विचारायचे प्रश्न. डोक्याला मार लागलेल्यांबरोबर काम केलंय का? सत्र छोटं कराल का? लिहून द्याल का? घरच्यांना भेटाल का? आमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलाल का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही, पण शिकायची तयारी आहे’ असं उत्तर आलं आणि बाकीच्यांना ‘हो’, तर मी त्या माणसाला संधी देईन. ‘सगळं मनावर असतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

आणखी एक. पेशंटला स्वतःत काही बदल झालाय हेच जाणवत नसेल, तर तो हट्ट समजू नका. तेही दुखापतीचं लक्षण असू शकतं. अशा वेळी आधी घरच्यांनी एकट्याने थेरपिस्टला भेटावं. सांभाळणाऱ्याला स्वतःसाठी वेगळा आधार लागतो, विशेषतः बायकोला, कारण नवरा समोर असूनही पूर्वीचा नवरा हरवलेला असतो आणि त्याचं दुःख कोणी विचारत नाही.

खर्चाचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे. पॉलिसी काढून वाचा, नकार आला तर तो लेखी मागा.

शेवटचं, आणि हे थट्टेवारी नेऊ नका. डोक्याच्या दुखापतीनंतर आत्महत्येचा धोका वाढतो. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं कोणी म्हणालं, तर पुढच्या सत्राची वाट बघायची नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ लावायचा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, मोफत, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. जीव तातडीने धोक्यात दिसला तर सरळ जवळच्या हॉस्पिटलात न्या, आणि जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या, म्हणजे डोक्याला मार लागलेला आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला कळेल.