राधानगरीचे सात दरवाजे

[पावसातली धरणाची भिंत. कॅमेरा दरवाज्यावर स्थिर.]

या दरवाज्याकडे बघत राहा. इथं कुणी बटण दाबणार नाही, वरून कुणाचा आदेश येणार नाही. दाजीपूरच्या जंगलात पडलेला पाऊस तलावात साठत साठत 347.50 फुटांवर, म्हणजे पूर्ण पातळीवर आलाय.

[दरवाजा उघडतो. पाण्याचा आवाज पूर्ण, निवेदन थांबते.]

सहा नंबर! पहिला मान बहुतेक वेळा याचाच. आता तासाभरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर ही बातमी असेल.

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला असे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाज्याला मागून जड वजनाचा तोल दिलाय. पाणी पूर्ण पातळीवर पोचलं की त्याचा दाब त्या वजनाला भारी पडतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की वजनच तो मिटवून घेतं. लाइट गेलेली असो, रस्ता खचलेला असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत, दरवाजा आपलं काम चुकवत नाही.

[जुनी छायाचित्रं: बांधकाम, शाहू महाराज.]

हे धरण राजर्षी शाहू महाराजांचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, एका संस्थानाच्या तिजोरीवर एवढं मोठं धरण बांधायला घ्यायचं, याला छाती लागते. गावाला नाव दिलं राजकन्या राधाबाईंचं, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. पैसा कमी पडला, काम अर्ध्यावर थांबलं. 1922 साली महाराज गेले, तेव्हा भिंत अपुरीच होती. ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतर. आज इथं आठ टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) थोडं जास्त पाणी मावतं, आणि करवीर-राधानगरीतल्या उसाच्या फडाला विचारा, ते पाणी काय करतं ते.

[ड्रोन: एकापाठोपाठ उघडे दरवाजे, खाली फेसाळलेली नदी.]

एका दरवाज्यातून सुटतात 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले की दहा हजारांच्या घरात, वर वीजगृहाचं पाणी वेगळं.

पण या दरवाज्यांची एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते. ते उघडतात धरण भरल्यावरच. पूर येणार असा अंदाज चार दिवस आधी हातात असला, तरी त्या अंदाजाचा यांना उपयोग नाही. धरणात आधीच जागा करून ठेवायची तर वाटा दोन: वीजगृह, ज्यातून फार पाणी जात नाही, आणि माणसांनी चालवायचे सर्व्हिस गेट.

[गंजलेले भाग, साखळ्या, दुरुस्तीचं सामान.]

डिसेंबर 2021 मध्ये दुरुस्तीच्या वेळी असाच एक सर्व्हिस गेट उघडा अडकला आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीच्या काठच्या गावांना सावध करावं लागलं. ज्या दरवाज्यांना माणूस, वंगण आणि निर्णय लागतो, खरी देखभाल त्यांची हवी. आणि निर्णय सोपा नाही. जुलैत पाणी सोडलं आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर उन्हाळ्यात जबाब अधिकाऱ्यानं द्यायचा. भरलेल्या धरणाचं मात्र जलपूजन होतं, फोटो छापून येतात.

[प्रयाग चिखली. मग राजाराम बंधारा, पाण्याखाली जाणारी फूटपट्टी.]

पुराचा सगळा दोष धरणाचा नाही, हेही सांगायला हवं. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती अशा नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि धरणांच्या खालच्या भागात पडणारा पाऊस कुठलाच दरवाजा अडवत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर वाढतो का, हा वाद आणखी निराळा, त्याला एक वेगळी फिल्म लागेल.

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 च्या. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा शिरोलीपाशी बंद पडला.

[आंबेवाडी, चिखली, शिरोळ: बोटी, छपरं, जनावरं. निवेदन नाही.]

2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुराच्या अभ्यासाची समिती नेमली, तिचा अहवालही आला. पुढच्या जूनमध्ये राधानगरीत किती पाणी ठेवायचं आणि सर्व्हिस गेट कधी उचलायचे, हे तारखांसकट आधीच जाहीर करा. नदीकाठच्या गावांनी एवढंच मागितलं पाहिजे.