जावेद अबिदी: भांडणाऱ्या माणसाची आठवण

नमस्कार मंडळी. उशीर झाला त्याबद्दल सॉरी, पण त्यात दोष अर्धाच माझा. हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या बावीस. कॅलिपरवाला, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या लावून चालणारा माणूस पायऱ्या मोजतोच, तुम्ही लिफ्टच्या आरशात केस बघता तसं. आणि आजचा विषय काय, तर जावेद अबिदी आणि अपंगांचे कायदे. हसा हसा, मी पण जिन्यात बसून हसलोच की.

तर अबिदी, अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते. जन्म 1965 चा, अलीगढचा. स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच मणक्याचा दोष, पुढे व्हीलचेअर. अमेरिकेत डेटनला राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकले. तिथे इमारती भुयारी रस्त्यांनी जोडलेल्या आहेत, बर्फ पडो काही पडो, खुर्ची घेऊन कुठंही जा. असं जगून आलेला माणूस 1989 ला दिल्लीत परत येतो. मग तो भांडणार नाही तर काय करणार?

आणि हाच माझा मुद्दा आहे. 2018 च्या मार्चमध्ये ते गेले, वय अवघं 52, आणि मला ज्याने त्याने मेसेज पाठवला, 'प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व हरपलं'. या 'प्रेरणादायी'वर माझा जुना राग आहे, तो आज काढून घेतो.

झालं काय, काही वर्षांपूर्वी 3 डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, माझा सत्कार ठरला. गाव सांगत नाही, संस्था तर नाहीच नाही. स्टेज चार फूट उंच, रॅम्प नाही. चार स्वयंसेवक आले आणि मला खुर्चीसकट उचललं, मी नको नको म्हणतोय तरी, गणपती निघाल्यासारखा निघालो मी, एकजण खरंच 'सावकाश, मूर्ती जपून' म्हणाला. वर गेल्यावर शाल, श्रीफळ, आणि एका हातात कुबड्या असताना नारळ कुठं धरायचा हे कुणी सांगत नाही. मग अध्यक्ष उठले. फार नम्र माणूस. म्हणाले, 'एवढ्या मोठ्या लोकांत मी आपला वासरात लंगडी गाय...' आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. हॉल गप्प. मला इतकं हसू फुटलं की नारळ गडगडत पहिल्या रांगेत! अध्यक्षांनी लगेच सावरून घेतलं, 'बघा, हे संकटातही हसतात, किती प्रेरणादायी!' नंतर फोटो झाले, पाहुणे जेवायला गेले, आणि मला उतरवायचं कोणाच्या लक्षातच नाही. पाऊण तास मी प्रेरणा देत स्टेजवर एकटा बसलो होतो.

अबिदी तिथे असते तर उचलूच दिलं नसतं. खालूनच बोलले असते, आणि काय बोलले असते ते अध्यक्षांना जन्मभर पुरलं असतं.

हे का सांगतोय, तर हॉकिंग. 2001 च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग, ते व्हीलचेअरवरचे मोठे शास्त्रज्ञ, भारतात आले होते, आपल्या मुंबईत, टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या कॉन्फरन्सला, एकोणसाठावा वाढदिवस पण मुंबईतच केला. तिथून दिल्लीला गेले आणि त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर बघायचं होतं. मग काय, आले ना लाकडी रॅम्प! एवढी वर्षं आपल्या अपंगांना जे मिळालं नाही ते एका पाहुण्यासाठी झालं. अबिदींनी हे बरोबर पकडून ठेवलं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, करायचं नव्हतं. मला तर वाटतं दरवर्षी एक हॉकिंग बोलवावा, तालुक्याच्या गावांपर्यंत फिरवावा, आधी या हॉलला आणावा.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' बरं. कायदे राहिलेत सगळे, पटापट घेतो.

अपंगांसाठी कायदा व्हावा म्हणून 19 डिसेंबर 1995 ला दिल्लीत मोर्चा निघाला, अबिदी पुढे होते, आणि 22 तारखेला संसदेत विधेयक पास. तीन दिवसांत! त्यात अपंगत्वाचे सात प्रकार, सरकारी नोकरीत तीन टक्के. मग एनसीपीईडीपी ही संस्था, अपंगांच्या रोजगारासाठी, तिचं काम शेवटपर्यंत त्यांनी बघितलं. 1998 ला सुप्रीम कोर्टात विमानाची केस. अंधांना भाड्यात सवलत होती, अबिदी म्हणाले आम्हाला का नाही, आणि ती मिळाली पण, फक्त अट ऐंशी टक्के अपंगत्वाची. माझं सर्टिफिकेट पंचाहत्तरचं. पाच टक्क्यांनी विमान हुकलं, डॉक्टरांना म्हटलं जरा वाढवा, ते म्हणाले मार्क वाढवून द्यायला ही दहावी आहे का.

जनगणना मात्र नीट ऐका, सगळ्यात मोठं काम ते. 1981 ला अपंग मोजले होते, 1991 ला प्रश्नच गायब. 2001 ला पण राहणार होतं, यांनी आंदोलन करून तो घालायला लावला. आकडा आला 2 कोटी 19 लाख. कमीच आहे तो, घरचे लोक प्रगणकाला सांगत नाहीत ना, पोरीचं लग्न असतं. पण आकडाच नसेल तर बजेट कशावर मागणार? 2004 च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर लाकडी रॅम्प घाला हा कोर्टाचा आदेश, तो पण यांच्याच मागणीवरून. आणि 2016 चा नवा कायदा, सातचे एकवीस प्रकार, तीनचे चार टक्के. त्याच्या मसुद्यावरून आपल्याच चळवळीत कडाक्याची भांडणं झाली, अबिदी म्हणायचे आधी पास करून घ्या, बाकीचे म्हणायचे असला अर्धवट नको. कोण बरोबर यावर अजून तासभर बोलता येईल पण ही बघा दुसरी चिठ्ठी.

चहाची सोय तळमजल्यावर केलीय म्हणतात. मग प्रश्न ज्यांचे असतील त्यांनी इथेच थांबा, आणि कुणीतरी एक कप वर आणा. साखर कमी.