मीठ, टेन्शन आणि मावशीच्या गालातली काडी

नमस्कार मंडळी, आज बीपीबद्दल बोलूया. मीठ आणि टेन्शन, आपण दोन्ही वेगवेगळी मोजतो, पण किडनीपाशी ती एकत्र येतात.

किडनीच्या वर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रेनल. तिच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला म्हणतं मीठ सोडू नकोस, धरून ठेव. मीठ थांबलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की दाब वाढतो. पुन्हा सांगतो, मीठ थांबलं की पाणी थांबतं. टेन्शनमध्ये वाढणारं हार्मोन, कॉर्टिसॉल, तेही याच ग्रंथीतलं, आणि ते अल्डोस्टेरॉनचंच कुलूप उघडू शकतं, म्हणून किडनीत एक एन्झाइम राखणीला बसलेलं असतं, कॉर्टिसॉल आलं की तिथंच निकामी करतं.

आता आमच्या मावशीचं ऐका. वय 62, भजनी मंडळात गाते. आषाढीआधी रोज तालीम, त्यात हल्ली देवळात स्पीकर इतके मोठे लावतात की बाईमाणसाला नुसतं ओरडावं लागतं, अहो टाळ-मृदंगाला कशाला हवेत एवढे डबे! तर घसा बसू नये म्हणून ही ज्येष्ठमधाची काडी दिवसभर दाढेत धरायची, चांगले दोन महिने. पायाला सूज, रात्री पिंडऱ्यांत गोळे, बीपी 180 वर 100. घरच्यांनी लोणचं बंद केलं, पापड बंद केला, ती बिचारी अळणी वरणभात खाते तरी बीपी हलेना, मग सगळे तिच्यावरच संशय घ्यायला लागले. मी भेटायला गेलो, बोलता बोलता तिनं काडी या गालातून त्या गालात सरकवली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.9, खरं तर 3.5 च्या वर हवं. ज्येष्ठमध त्या राखणदार एन्झाइमलाच झोपवतं, मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं आणि किडनी मीठ धरून बसते, पोटॅशियम मात्र बाहेर टाकते.

ज्येष्ठमधाला मी नावं ठेवत नाही, खोकल्याला चार दिवस घ्या, पण बीपी असेल तर डॉक्टरांना सांगून. आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, लोणचं-फरसाण धरून. सैंधवही त्यातच मोजायचं, तेही मीठच.

काडी सुटली, महिन्याभरात मावशीचं बीपी 130 वर 80. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे मी चोरून लोणचं खात नव्हते, हे सगळ्यांना सांगशील ना?" घरात तेव्हाच सांगितलं, आज तुम्हालाही सांगितलं.