भीमबेटका : दगड, जंगल आणि चितारलेली भिंत

[पडद्यावर : सागाचं पानगळीचं जंगल. कॅमेरा हळूहळू वर चढतो, झाडांच्या डोक्यावर उघडे तांबूस खडक.]

भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं आणि ओबेदुल्लागंज मागे पडलं, की सागाच्या जंगलातून खडकांचे बुरूज डोकं वर काढतात. लांबून वाटतं, एखादा जुना किल्ला ढासळून पडलाय. पण हे भीमबेटका कुणी बांधलेलं नाही. हा विंध्य पर्वताचा दक्षिण काठ, आणि समोरचा एकूण एक दगड कधीकाळी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू होता.

शंभर कोटी वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. वाळूचे थर एकावर एक बसत गेले, दबले, घट्ट झाले आणि त्यांचा वालुकाश्म झाला. समुद्र हटला, जमीन उचलली गेली, आणि मग ऊन, पाऊस, वारा कामाला लागले. सगळे थर सारखे टणक नव्हते. मऊ थर आधी झिजले, टणक थर वळचणीसारखे पुढे आलेले राहिले. त्यांच्याखाली तयार झालेला कोरडा आडोसा म्हणजे शैलाश्रय. पुढून उघडा, वर छप्पर, पाठीशी भिंत. पाऊस आत येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं?

[पडद्यावर : खडकाचा जवळून फोटो. दगडात दिसणारे तिरपे थर.]

या परिसरात सात टेकड्या आहेत आणि त्यांवर साडेसातशेहून अधिक शैलाश्रय. भीमबेटका आणि लाखा जुआर हे त्यातले मोठे समूह. २००३ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. वारसा क्षेत्र आहे सुमारे १,८९३ हेक्टर, आणि त्याच्या भोवतीचं संरक्षित कडं १० हजार हेक्टरांहून जास्त. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत असं मला वाटतं. जपायची आहे ती फक्त रंगवलेली भिंत नाही, तिच्या भोवतीचं रानही आहे. ते रान काढून घेतलं तर या चित्रांचा निम्मा अर्थ निघून जातो. हे का म्हणतोय, ते पुढे दिसेलच.

आधी माणूस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी सत्तरच्या दशकात इथे उत्खनन केलं. ‘३ एफ २३’ असा क्रमांक दिलेल्या शैलाश्रयात ते थर उकलत खाली गेले. वरच्या थरांत मध्याश्मयुगातली, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी काळातली, नखाएवढी गारगोटीची पाती, बाणाच्या टोकाला किंवा लाकडी दांड्याला बसवायची. खाली, फार खाली, हातात मावणाऱ्या दगडी कुऱ्हाडी आणि रुंद धारेची तोडायची हत्यारं, लाखभर वर्षांहूनही जुन्या. एकाच छपराखाली, एकावर एक. माणसांच्या कितीतरी पिढ्यांना ही जागा राहण्याजोगी वाटली. जवळ झरे, भोवती शिकार, कंदमुळं आणि फळं, अवजारांसाठी दगड पायाखालीच. ही माणसं वाट चुकून इथे आलेली नव्हती.

[पडद्यावर : मोठी चित्रित भिंत. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश.]

आता या भिंतीपाशी थोडं थांबू. ‘झू रॉक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. पहिल्या नजरेत नुसता रंगांचा गोंधळ दिसतो. डोळे जरा सरावू द्या. मग पांढऱ्या रंगातला एक हत्ती सुटा होतो. त्याच्या पायांमधून हरणं निघतात. बारशिंग्याची शिंगं फांद्यांसारखी पसरतात. मागून रानरेड्याची जड पाठ येते. पांढरं आणि लाल, जुनं आणि नवं, सगळं एकमेकांत घुसलेलं. कुणीतरी चित्र काढलं, नंतर आलेल्याने ते न पुसता त्यावरच आपलं काढलं, त्याच्यानंतरच्याने आणखी वर. शेजारी कोरा खडक मोकळा असताना पुन्हा पुन्हा हीच भिंत निवडली गेली. मला तरी यात आळस दिसत नाही. आधीच्यांनी जिथे हात लावला तिथेच आपलाही हात लागावा, अशी ओढ दिसते.

अभ्यासकांना चित्रांचा क्रम लावायला हीच गर्दी उपयोगी पडते. कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली हे पाहायचं, म्हणजे आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं ते कळतं. कारण गेरूचं वय थेट मोजता येत नाही. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्यात कार्बन नसतो, म्हणून कार्बन पद्धत त्याला लागू पडत नाही. पुष्कळशी चित्रं मध्याश्मयुगातली मानली जातात, आणि तिथून हा सिलसिला ऐतिहासिक काळापर्यंत येतो. आधीच्या चित्रांत धनुष्यबाण घेतलेले सडपातळ शिकारी, पळणारे कळप, हातात हात घालून नाचणारी माणसं. मग माळव्यातल्या शेतकरी वस्त्यांशी संबंध आल्याच्या खुणा, तिथल्या मडक्यांवरच्या नक्षीशी जुळणाऱ्या. आणि शेवटी घोडे, ढाल-तलवारी, हत्तीवरचे स्वार, मिरवणुका. शिकाऱ्याच्या भिंतीवर राजाची फौज येऊन उभी राहते!

रंग जागेवरचेच. लाल गेरूचा, पांढरा खडीच्या मातीचा किंवा चुनखडीचा. हिरवा, पिवळा आणि त्यांच्या छटा वेगवेगळ्या खनिजांतून. गेरूचे घासून झिजलेले तुकडे उत्खननातही मिळाले आहेत. म्हणजे कुणीतरी बसून तो दगडावर उगाळला होता. वालुकाश्म सच्छिद्र असतो, रंग त्यात मुरतो. लोखंडाचं ऑक्साइड तर सहजासहजी बदलतच नाही. वरून दगडाचं छप्पर आहे. एवढ्या भांडवलावर हा लाल रंग हजारो वर्षं टिकला.

[पडद्यावर : उंचावरची भिंत. लाल रंगातला प्रचंड प्राणी.]

आणि हे एक चित्र, माझ्या मते इथलं सगळ्यात अस्वस्थ करणारं. तोंड रानडुकराचं, पण डोक्याला शिंगं. अंग एवढं मोठं की बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ. त्याच्या पुढे एक इवलासा माणूस जीव घेऊन पळतोय, आणि जवळच एक खेकडा. असा प्राणी कोणत्याच रानात नव्हता. तो रंगवणाऱ्याच्या मनातला आहे. इतर ठिकाणी शेपटीचा झुपका, खुराचा कोन, शिंगाची वळणं यात हे चितारी तसूभर चुकत नाहीत. मध्य भारतातल्या काही चित्रांत तर गाभण जनावराच्या पोटातलं पिल्लूही काढलेलं आहे. इतकी बारीक नजर असलेल्या माणसाने मुद्दाम न पाहिलेला प्राणी काढला. त्यामागची कथा आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही, याची हळहळ वाटते.

[पडद्यावर : जुने कृष्णधवल फोटो. मग धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्या.]

या जागेची नोंद १८८८ साली डब्ल्यू. किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने केली होती, पण बौद्ध अवशेष म्हणून. चित्रांची खरी ओळख जगाला झाली १९५७ मध्ये. उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने जात होते. नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस स्वतः चित्रकार होता. स्पेन आणि फ्रान्समधल्या चित्रित गुहा ज्या प्रकारच्या डोंगरांत आहेत, तसाच आकार त्यांना खिडकीतून दिसला. ते या टेकड्यांवर पोहोचले आणि पुढची कित्येक वर्षं इथल्या आणि देशभरच्या शैलचित्रांच्या मागे रानोमाळ हिंडले. भिंतीसमोर बसून हाताने नकला काढल्या. चित्रकाराचा डोळा नसता तर या रेघा इतक्या लवकर वाचल्या गेल्या नसत्या, असं मी ठामपणे म्हणेन. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यानंतर यशोधर मठपाल या दुसऱ्या चित्रकार-संशोधकाने डेक्कन कॉलेजमधूनच भीमबेटक्याच्या चित्रांचं तपशीलवार नोंदणीचं काम केलं.

[पडद्यावर : जंगल. मोह, तेंदू, चाराची झाडं. खडकाखाली लोंबणारं आग्या मोहोळ.]

आता पुन्हा रानाकडे. भोवती रातापाणीचं जंगल आहे: साग, तेंदू, मोह, आवळा, बेल, आणि ज्याच्या बियांना आपण चारोळी म्हणतो तो चार. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, नीलगाय आजही आहेत. पण भिंतीवरची यादी याहून मोठी आहे. गेंडा, रानरेडा, हत्ती, बारशिंगा भिंतीवर आहेत आणि खालच्या रानात नाहीत. या प्रदेशातून कोण कोण निघून गेलं, त्याचा हा सगळ्यात जुना दाखला आहे. तो वाचायचा तर भिंत आणि रान दोन्ही समोर हवीत.

मोहोळाचंच बघा. इथल्या दगडी छतांना आग्या मधमाश्यांची पोळी लागतात. सातपुड्यात पचमढीच्या शैलाश्रयांत मध काढणारी माणसं चितारलेली आहेत, भोवती माश्या घोंघावताहेत. आणि २०२१ मध्ये याच मधमाश्यांनी शास्त्रज्ञांनाही चकवलं. भीमबेटक्याच्या ‘ऑडिटोरियम’ शैलाश्रयाच्या छतावर डिकिन्सोनिया या कोट्यवधी वर्षं जुन्या जीवाचा ठसा सापडल्याचं जाहीर झालं. मोठी बातमी झाली. दुसऱ्या संशोधकांनी प्रत्यक्ष येऊन तपासलं, तेव्हा तो मोहोळाचा वाळून उरलेला अवशेष निघाला. मूळ संशोधकानेही ते मान्य केलं. मला हे फार आवडलं. विज्ञान असंच पुढे जातं, जागेवर येऊन, वर मान करून, पुन्हा बघून.

[पडद्यावर : गावातलं सारवलेलं घर. भिंतीवर चितारलेले प्राणी.]

परिसरात एकवीस गावं आहेत. तिथल्या लोकांच्या रीतिरिवाजांत आणि या चित्रांतल्या जगण्यात जवळचं साम्य आहे. युनेस्कोने ही जागा निवडताना हा मुद्दा मुद्दाम विचारात घेतला. रानातून मध, मोह, तेंदू गोळा करणं आणि सणाला भिंत रंगवणं इथे नवं नाही.

धोका कुठून येतो? पाणी झिरपतं, वाळवी भिंतीवर मातीचे बोगदे चढवते, शेवाळ धरतं. आणि माणसाचा हात. रंग उठून दिसावा म्हणून चित्रावर पाणी मारणं, बोटाने रेघ गिरवून बघणं, शेजारी नाव कोरणं. हे कृपा करून करू नका. बघायला पंधराएक शैलाश्रय खुले आहेत, पायवाट आहे, एवढं निवांत पाहायला अर्धा दिवस पुरत नाही.

[पडद्यावर : सातपुड्याचा नकाशा. बैतूल आणि अमरावतीची सीमा.]

महाराष्ट्रात अशी चित्रं इतकी कमी का, असं विचारलं जातं. एक मोठं कारण दगडात आहे. आपला बहुतेक डोंगर काळ्या बेसॉल्टचा. असे फिकट, कोरडे, सावलीचे आडोसे तो देत नाही. पण वालुकाश्म आपल्या वेशीपाशी येतो. २००७ च्या जानेवारीत अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांना मोर्शीच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात धारूल गावाजवळच्या डोंगरात चित्रित शैलाश्रय सापडले. अंबादेवी आणि मुंगसादेव ही त्यातली नावं. ही मंडळी हौसेने रान हिंडणारी होती. त्यानंतर ती पुन्हा पुन्हा त्या डोंगरात गेली, आणि शैलाश्रयांची संख्या शंभरावर पोहोचली.