पाठीवरचं नाव

नमस्कार श्रोतेहो. सांगलीत विश्रामबागेला माझं टी-शर्टवर छपाई करायचं छोटं दुकान आहे. गणपती मंडळं, कॉलेजची गॅदरिंग, कबड्डीचे संघ, आणि हल्ली लग्नात 'नवरदेवाचे मित्र' छापलेले टी-शर्ट घालायची पद्धत निघालीय, तेही. आमच्या धंद्यात 'ट्रान्सफर' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. कागदावरची अक्षरं कापडावर गेली की झाली ट्रान्सफर. फुटबॉलमधली ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूनं एक क्लब सोडून दुसऱ्यात जाणं, काय चीज असते, ते मला एका पोराच्या जर्सीमुळं कळलं.

२०१२ सालचा ऑगस्ट महिना. इंजिनिअरिंगला शिकणारा, होस्टेलवर राहणारा एक मुलगा दुकानात आला आणि पिशवीतून लाल जर्सी काढून काउंटरवर ठेवली. आर्सेनलची, लंडनच्या फुटबॉल क्लबची. पाठीवर १० नंबर आणि वर इंग्रजीत वॅन पर्सीचं नाव. आदल्याच वर्षी माझ्याच दुकानातून छापून नेलेलं.

"काका, हे नाव काढायचंय."

"का रे बाबा?"

"गेला तो. मँचेस्टर युनायटेडला." घरातून कुणी न सांगता निघून गेल्यासारखा सांगत होता.

रॉबिन वॅन पर्सी २००४ पासून, म्हणजे आठ वर्षं आर्सेनलला होता. आदल्या हंगामात संघाचा कॅप्टन, एकट्यानं इंग्लंडच्या लीगमध्ये ३० गोल मारलेले. कराराचं एक वर्ष उरलं होतं, पुढं करार वाढवणार नाही असं त्यानं जुलैतच जाहीर केलं आणि क्लबनं त्याला सुमारे २ कोटी ४० लाख पौंडांना विकून टाकला. विकायचा तर परदेशात तरी विकावा! पण गेला तो नेमका युनायटेडला, ज्यांच्याशी आर्सेनलचं वर्षानुवर्षं हाडवैर. वर त्याचं म्हणणं असं की, माझ्या आतला लहान मुलगा युनायटेडच्याच नावानं ओरडत होता. त्या पोराला पैशापेक्षा हे वाक्य जास्त लागलं होतं. "आठ वर्षं तो लहान मुलगा काय झोपला होता काय?" असं मलाच विचारत होता. जणू काही मी वॅन पर्सीचा चुलता.

आता काढायचं म्हणजे कसं, ते सांगतो. नाव व्हिनाइलचं, म्हणजे वरून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पातळ कागदाचं असेल तर निघतं. हीट प्रेसखाली जर्सी परत तापवायची, अक्षर मऊ पडलं की गरम असतानाच चिमट्यानं टोक धरून हळूहळू ओढायचं. खाली गोंद राहतो, तो थिनरच्या बोळ्यानं पुसायचा. सब्लिमेशनची छपाई असेल तर विसरा. ती शाई धाग्यात मुरलेली असते. याचं व्हिनाइल होतं. निघालं. पण वर्षभर उन्हात खेळून बाकीचा लाल रंग विटलेला आणि अक्षरांखालचा मात्र कोरा राहिलेला. त्यामुळं नाव गेलं तरी गडद लाल रंगात ते जसंच्या तसं वाचता येत होतं. पोरगं बघतच राहिलं. मी म्हटलं, "आता यावर दुसरं नाव मारूया, झाकलं जाईल." नव्या हंगामात १० नंबर जॅक विल्शरला मिळाला होता. मग विल्शर छापलं. थोडं झाकलं, थोडं दिसत राहिलं.

त्या पोराला मी हसलो नाही, कारण माझं आजोळ कोल्हापूरचं. इथून पन्नास किलोमीटरवर फुटबॉल काय थराला जातो, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. लहानपणी मिरजेहून पॅसेंजरनं जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत मामाकडं जायचो, ते सुट्टीपेक्षा शाहू स्टेडियमसाठी. तिथं संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नुसती क्लबांची नावं नव्हेत, तो माणसाचा पत्ता असतो. हंगामाआधी के.एस.ए.कडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं खेळाडूंची नोंदणी होते आणि तेव्हा कोण कुठल्या तालमीत सही करतोय, यावर पेठापेठांतून रात्री जागतात. मामाची तालीम कुठली ते सांगत नाही. आकाशवाणीला पत्रं यायची.

तर एका वर्षी मामाच्या गल्लीतला, दोन घरं सोडून राहणारा फॉरवर्ड समोरच्या तालमीत गेला. सामन्याच्या दिवशी त्याच्या पायात चेंडू आला की आमच्या गॅलरीतून शिट्ट्या आणि जे काही शब्द यायचे, ते रेडिओवर बोलता येणार नाहीत. मामा गप्प. त्या पोरानं आमच्यावरच गोल केला, तरी मामा गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी मामाबरोबर होतो. पेले हातात, समोर म्हैस पिळणं चाललेलं आणि म्हशीच्या पलीकडं तोच पोरगा, त्याच्याही हातात पेला. दोघांची नजरानजर झाली. मामानं फेस पुसला आणि म्हणाला, "गोल झ्याक मारलास रं. बुटं मातर आमच्या वर्गणीची हैत, तेवढं ध्येनात ठेव." पोरगं खाली मान घालून हसलं. संध्याकाळी त्याची आई आमच्याकडं विरजण मागायला आलीच.

आता तिथं बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू येऊन खेळतात. त्यांचं येणं-जाणं कुणी इतकं मनाला लावून घेत नाही. राग येतो तो वर्गणीच्या बुटांचा.

श्रोतेहो, इथं मला आपली मिरज आठवते. १९०५ साली मिरजेत बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले आणि १९१३ साली तीच मंडळी सोडून त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. हीसुद्धा ट्रान्सफरच की! पण प्रेक्षक काय करणार? गंधर्वांच्या पाठोपाठ गंधर्वांच्या तंबूत. नाटकवेडा माणूस नटाबरोबर गाव बदलतो, कंपनी बदलतो. फुटबॉलवाल्याला ही सोय नाही. खेळाडू गेला तरी तो त्याच गॅलरीत, त्याच रंगात बसून राहतो आणि पुढच्या वेळी लाडका खेळाडू समोरून त्याच्याच गोलवर धावत येतो. शिट्टी मारणार नाही तर करणार काय?

तरी शिट्टीलाही हद्द असते. लुईस फिगो हा पोर्तुगीज खेळाडू २००० साली स्पेनच्या बार्सिलोना क्लबातून थेट त्यांच्या हाडवैऱ्याकडं, रेआल माद्रिदला गेला. फ्लोरेंतिनो पेरेस नावाच्या गृहस्थांनी माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूकच 'फिगोला आणतो' या आश्वासनावर लढवली आणि जिंकली. करारात लिहिलेली सोडवणुकीची रक्कम, सुमारे ६ कोटी युरो, मोजून टाकली. बार्सिलोनाला नाही म्हणायची सोयच उरली नाही. २३ नोव्हेंबर २००२ ला फिगो बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला, तर वरून बाटल्या, नाणी आणि त्यात एक डुकराचं मुंडकं. खाटकाकडून आणून, लपवून, इतक्या गर्दीतून आत नेऊन फेकलेलं! रेफ्रीनं सामना साधारण पाव तास थांबवला. शेवटी ०-० झाला. एवढी तयारी करणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि खरं सांगायचं तर थोडं कुतूहलही वाटतं. त्या सकाळी घरी बायकोला काय सांगून निघाला असेल?

माझं मन जास्त रमतं ते इटलीच्या रोबेर्तो बाज्जिओच्या गोष्टीत. १९९० साली फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना क्लबनं त्याला तुरिनच्या युव्हेंटसला विकलं, किमतीचा त्या काळचा जागतिक विक्रम होता तो. फ्लॉरेन्समध्ये दंगल उसळली, माणसं जखमी झाली. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण तो राग विकणाऱ्यांवर होता, पोरावर नव्हता, एवढं त्या गावाला कळत होतं. पुढच्या एप्रिलमध्ये बाज्जिओ युव्हेंटसच्या जर्सीत त्याच मैदानावर आला. युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. ती घ्यायला त्यानं नकार दिला. कारण सांगितलं ते साधंच: समोरचा गोलकीपर मला ओळखतो. दुसऱ्यानं घेतली, ती हुकली आणि युव्हेंटस १-० हरलं. त्याला मैदानाबाहेर बोलावलं तेव्हा गॅलरीतून जांभळा मफलर पडला, फिओरेंतिनाच्या रंगाचा. तो त्यानं उचलला. युव्हेंटसवाले संतापले. म्हणजे आता दोन्ही गावांना तो आपला वाटेना.

आमच्या होस्टेलवाल्या पोराचं पुढं काय झालं, तेही सांगतो. युनायटेडनं त्याच वर्षी लीग जिंकली आणि वॅन पर्सीनं २६ गोल केले. एप्रिल २०१३ मध्ये युनायटेडचा संघ आर्सेनलच्या मैदानावर आला तेव्हा रीतीप्रमाणं आर्सेनलच्या खेळाडूंनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत विजेत्यांना आत घेतलं, त्या विजेत्यांत वॅन पर्सीही. वर त्यानं पेनल्टीवर गोलही केला. सोमवारी पोरगं दुकानात आलं, काही छापायला नव्हे. स्टुलावर बसलं, चहा प्यायलं आणि गेलं.

मग पुण्याला नोकरी, लग्न. २०१८ च्या पावसाळ्यात त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तीच जर्सी, विल्शरची अक्षरं कडेनं उकललेली आणि खालून वॅन पर्सी अजून डोकावतोय. "काका, विल्शर पण गेला. वेस्ट हॅमला. लंडनमध्येच!"

मी विचारलं, आता १० नंबर कुणाला?

"ओझिलला."

इंग्रजीत चार अक्षरं. आम्ही अक्षराच्या हिशोबानं पैसे घेतो, म्हणून मी लिहिलं, हा स्वस्तात पडेल. पण कापड आता तिसऱ्यांदा हीट प्रेसखाली टिकेल का, याची खात्री देता येत नाही. तरी घेऊन ये म्हटलं.