मेसेज गेला, पण घेतला कोणी?

नमस्कार, श्रोतेहो.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र म्हटली की आपल्याला माणसं आठवतात. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे. आठवायलाच हवीत. आज मात्र मी त्या रात्रीच्या वायरलेसबद्दल बोलणार आहे. कोण कुणाला काय म्हणालं आणि त्याचं पुढे काय झालं, याबद्दल.

अतिरेकी दहा होते, पण हा आकडा आपल्याला मागाहून कळला. त्या रात्री लिओपोल्ड, सीएसटी, ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस, सगळीकडून एकदमच बातम्या येऊ लागल्या. त्यात टॅक्सींमधले स्फोट, एक माझगावला, एक थेट विलेपार्ल्याला. सीएसटीवर गोळीबार करणारी जोडीच पुढे कामा हॉस्पिटलमध्ये शिरली. आता कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसानं ही जुनी जोडी समजायची की नवी टोळी? माहितीचा नुसता पूर आलेला, आणि त्यातून चित्र उभं करायला कुणाला उसंत नाही.

कामाचंच बघा. अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते मोजक्या माणसांना घेऊन वर गेले होते. ग्रेनेडनं जखमी झाले, तरी तिथेच थांबून कुमक मागत होते. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर पोचले. साडेअकराच्या सुमारास करकऱ्यांनी वायरलेसवरून कळवलं, की कामाला वेढा घालायला माणसं पाठवा, लष्कराशी बोला. मेसेज गेला. कुमक वेळेत आली नाही. थोड्याच वेळात शेजारच्या रंगभवनच्या गल्लीत त्यांच्या क्वालिसवर गोळ्यांचा वर्षाव झाला आणि तिघेही गेले. पोलीस आयुक्तालय तिथून चालत काही मिनिटांवर आहे! विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्या रात्रीच्या नोंदी मिळवल्या, म्हणून एवढं तरी उजेडात आलं. शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला आपला माणूस कसा गेला हे कळण्यासाठी अर्ज करावे लागले, हे मला आजही खटकतं.

पुढे कुणी कुणाला पाठवलं, यावर बराच वाद रंगला. राज्य सरकारनं चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीनं त्यापेक्षा मोलाची गोष्ट सांगितली. अशा हल्ल्यात कुणी काय करायचं, याची कार्यपद्धती कागदावर तयार होती, पण ती पाळली गेली नाही. पोलीस आयुक्त ट्रायडंटच्या परिसरातच राहिले आणि दलाला आपलं नेतृत्व दिसलं नाही, असा समितीचा ठपका होता. साहेब स्वतः आघाडीवर गेले की आपण टाळ्या वाजवतो. पण सगळेच वरिष्ठ आपापल्या ठिकाणी अडकले, तर शहराचा नकाशा समोर ठेवून निर्णय कोण घेणार? कंट्रोल रूम म्हणजे काही टपाल कचेरी नव्हे, आलेलं पाकीट पुढे सरकवलं की काम संपलं असं म्हणायला.

आणि त्याच रात्री, त्याच यंत्रणेत, एक मेसेज चोख पोचला. अतिरेक्यांनी तीच क्वालिस पळवली होती; तिच्यात मागे जखमी होऊन पडलेले पोलीस अरुण जाधव अतिरेक्यांनी गाडी सोडताच वायरलेसपर्यंत पोचले आणि त्यांनी कंट्रोलला खबर दिली. अतिरेक्यांनी पुढे एक चंदेरी स्कोडा पळवली. त्या गाडीचं वर्णन वायरलेसवर फिरलं आणि डी. बी. मार्ग पोलिसांची गिरगाव चौपाटीवरची नाकाबंदी तयारच होती. गाडी कोणती, ते तिथल्या पोलिसांना कळलं. अडवायची कुणी, तर त्यांनीच. वरून आणखी कुणाला विचारायची गरज उरली नाही. तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणूनच तो जिवंत सापडला.

कटू वाटेल, पण त्या रात्री सगळ्यात साधी संपर्कव्यवस्था हल्लेखोरांकडे होती. कराचीत बसलेले त्यांचे सूत्रधार टीव्हीवर आपलंच थेट प्रक्षेपण बघत होते आणि फोनवरून हुकूम सोडत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना यावरून खडे बोल सुनावले. अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घालणारा नियम यायला मात्र २०१५ उजाडलं.

हल्ल्यानंतर राज्य पोलिसांची फोर्स वन ही कमांडो तुकडी आली, एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं केंद्र मुंबईत आलं, नव्या बंदुका आल्या, बोटी आल्या. मॉक ड्रिलही होतात. दोरावरून उतरणारे जवान दुसऱ्या दिवशी पेपरात दिसतात. माझी सूचना एवढीच, की एखाद्या ड्रिलमध्ये सगळ्यात वरच्या साहेबांचा वायरलेस न सांगता बंद ठेवा, तीन ठिकाणांहून एकाच वेळी कुमक मागा, आणि पहिल्या पाच मिनिटांत हुकूम कोण देतो ते वहीत लिहून काढा.